घोरपड आणि सोनेरी बेडूक

कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या पूर्वजांना घोरपड परिचित होती. तेथील ऊसमळ्यांत ती त्यांना दिसली नाही. वॉलॉंगॉंगच्या रानात मात्र तिची थोरली भगिनी भेटते. ‘लेस मॉनिटर’ नावाची ही घोरपड २ मीटरपर्यंत वाढते.

सॅलमँडर हा प्राणी ऑस्ट्रेलियाचा मूळ रहिवासी नव्हे. परंतु त्याच्याच उभयचर वर्गातील ‘ग्रीन अँड गोल्डन बेल फ्रॉग’ हा बेडूक पोर्ट केम्बलाच्या औद्योगिक परिसरातील डबक्यांत राहत आला आहे. न्यू साउथ वेल्समध्ये त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत होते.

घोरपडीच्या अंगावर खवले आहेत. तिची कवचयुक्त अंडी वाळवीच्या वारुळात सुरक्षित उबतात. बेडकाची त्वचा ओलसर आणि उघडी. तिच्यावाटे तो पाणी शोषतो, काही अंशी श्वासही घेतो. म्हणूनच कायट्रिड बुरशी त्वचेत शिरली की शरीरातील क्षारांचा तोल ढळतो आणि अखेर हृदय थांबते. शिवाय डासांच्या नाशासाठी १९२५ साली आणलेला गॅम्बुसिया मासा त्याची अंडी व पिल्ले खातो.

संकटसमयी घोरपड झाडावर चढून स्वतःस वाचविते. बेडकाचे रक्षण डबक्याच्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि ते डबके राखणे अथवा बुजविणे सर्वस्वी मनुष्याच्या हाती आहे.