गोदामातला माल, बँकेतली पत

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून विभक्त झालेल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन व तूर हाच लहान प्रक्रिया-उद्योगांचा मुख्य कच्चा माल असल्याने, डाळ गिरणी किंवा प्रतवारी यंत्र बसविणाऱ्या नवउद्योजकाची खरी ओढाताण होते ती यंत्राच्या किमतीपायी नव्हे, तर सुगीच्या दिवसांत वर्षभराचा माल घेण्याजोगी रोकड हाताशी नसल्यामुळे.

या अडचणीवर कायदेशीर तोडगा आहे, आणि त्याचा व्हावा तितका वापर होत नाही, ही खेदाची गोष्ट होय. २००७ च्या वखार कायद्यान्वये नोंदणीकृत गोदामात माल ठेवला, की वजन, ओलावा व प्रत तपासून पावती मिळते; २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघू लागली आणि बँक तिच्यावरच कर्ज देते. सोयाबीनमधला ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला, तर भाव घसरतोच, शिवाय तारणाचे मूल्यही घटते. म्हणून माल नीट वाळविणे हे हिशेबाच्या वहीइतकेच महत्त्वाचे काम. शेतकऱ्यांपुरती पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे: बाजार समितीमार्फत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस.

यंत्रसामग्रीसाठी २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान मिळते. मात्र ते बँकेच्या कर्जाशी निगडित असते. जामीन किंवा स्थावर तारण नसल्यास केंद्र शासन व सिडबी यांनी २००० साली स्थापिलेल्या पतहमी न्यासाचा आधार बँकेमार्फत मागता येतो.