घाट उतरणारं घर

चार टन वजनाचं एक घर आहे असं समजा. त्यात दोन बिछाने, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी आणि जेमतेम उभं राहता येईल एवढं न्हाणीघर आहे, आणि खाली चाकं आहेत. भोरकडून नीरा-देवघरच्या पाण्याशेजारून हे घर वरंधा घाटात आलं, वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजीला थांबलं. आता त्याला खाली वरंध गावात उतरायचं आहे आणि तिथून बिरवाडीवरून महाडला जायचं आहे. उंचीतला फरक 500 मीटर धरला, तर एवढ्या उतरणीत चार टनांचं वजन जवळजवळ 2 कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी करतं. तीस अंशांचं साठ-पासष्ट लिटर पाणी तेवढ्यात खळखळा उकळेल. दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. ताशी 60 किलोमीटर वेगातली हीच गाडी पस्तीस वेळा पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढी या एका उतरणीत जिरवावी लागते.

यातली थोडी ऊर्जा हवा घेते, थोडी टायर घेतात. बाकीची सगळी इंजिनाने आणि ब्रेकने पचवायची असते. घाटातून खाली येणारी प्रत्येक एसटी, प्रत्येक ट्रक हे रोज करत असतो आणि आपण खिडकीतून दरी बघत असतो. मला हे फार विलक्षण वाटतं. जुनं मोटारहोम विकत घ्यायला निघालेल्या माणसाला तर हे ठाऊक असायलाच हवं, कारण विक्रीच्या फोटोंत गादी दिसते, दिवे दिसतात, सनमायका चकचकते. ब्रेकची नळी कुठल्याच फोटोत नसते.

आपल्याकडे अशा गाड्या बहुतेक फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर किंवा मिनीबसच्या चासीवर बांधलेल्या असतात. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चाकांवरच्या घराबद्दल लोक अधिक विचारू लागले. सेकंडहँड गाडी बघायला जाताना मनात एक गोष्ट पक्की असावी. आपण दोन वस्तू विकत घेतोय, एक वाहन आणि एक घर. दोघांची वयं वेगळी असू शकतात आणि दोघांना मारणारे शत्रूही वेगळे असतात. वाहनाला उष्णता मारते, घराला पाणी. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात हे दोन्ही शत्रू पुरेपूर आहेत. वरंधा घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट उष्णतेची परीक्षा घेतात, आणि सह्याद्रीला आदळणारा पाऊस पाण्याची.

आधी उष्णता. ब्रेकच्या नळ्यांतलं ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. ताजं डॉट-3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा मानकाचा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 अंशांवर येते. कोकणातल्या दमट हवेत दोन-चार पावसाळे ऑइल न बदलता काढलेली गाडी सपाटीवर अगदी व्यवस्थित थांबते. घाटात मात्र चाकाजवळचं ऑइल तापून उकळतं आणि नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल फुसकं होतं आणि थेट तळाला जातं.

ब्रेक घाटात वेगवेगळ्या तऱ्हांनी दगा देतात, आणि पायाला प्रत्येक तऱ्हा वेगळी कळते, हे मला सर्वांत आश्चर्याचं वाटतं. पेडल लिबलिबीत होऊन खाली गेलं, तर नळीत वाफ झाली. पेडल घट्ट आहे, पायाने जोर लावलाय, तरी गाडी धरत नाही, तर लायनर तापून गुळगुळीत झालेत. पेडल घट्टच आहे पण नेहमीपेक्षा खोल जाऊन लागतंय, तर मागचे ड्रम तापून फुगलेत आणि लायनरपासून दूर सरकलेत. एका पायाच्या तळव्याला तीन निरनिराळ्या बिघाडांचा पत्ता लागतो.

म्हणून गाडीची चाचणी घाटात घ्यावी, पण क्रम सोडू नये. आधी सपाटीवर आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर तपासून घ्या. परक्याच्या गाडीच्या ब्रेकवर विश्वास टाकून थेट उतरणीला लागणं हा जिवाशी खेळ आहे. मग चढून बघा. चढणीवर इंजिन किती तापतं, क्लच घसरतो का, ऑइल टाकायचं झाकण काढल्यावर धुराचे भपकारे येतात का, हे कळतं. मग उतरा, दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिनाने गाडी धरली पाहिजे. डिझेल इंजिनाची ही धरण्याची ताकद तशी बेताचीच असते, म्हणून तर मोठ्या ट्रकांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक देतात. पण गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येत असेल तर ती गाडी तिथेच सोडून द्यावी. इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नको. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम चालू इंजिनावर टिकतो, आणि बंद इंजिनात तो दोन-तीन दाबांत संपतो.

खाली आल्यावर वरंध गावात गाडी बाजूला घ्या आणि चारी बाजूंच्या चाकांचं तापमान बघा. लांबूनच तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तिथला ब्रेक चिकटून बसलाय. एखादं चाक थंड लागलं तर अधिक काळजी करा. ते चाक ब्रेक मारतच नव्हतं, त्याच्या वाटणीचं काम बाकीची चाकं करत होती. पावसाळ्यात वरंधा घाट अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतात, तेव्हा जाण्याआधी चौकशी करावी. आंबेनळीची परीक्षा याहून कडक आहे. महाबळेश्वर ते पोलादपूर या चाळीसेक किलोमीटरांत गाडी एक किलोमीटरहून अधिक उंची उतरते.

उष्णतेच्या या हिशेबात वजन थेट गुणाकारात येतं, आणि चाकांवरच्या घराचं वजन गुपचूप वाढत असतं. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे एक क्विंटल. त्यावर प्लायवूडची कपाटं, बॅटऱ्या, छतावरचा एसी, मागे लटकवलेल्या सायकली. आरसी बुकात रिकामं वजन आणि जास्तीत जास्त एकूण वजन असे दोन आकडे असतात. टाकी भरून, सामानासकट गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या, मग फक्त मागची. एकूण आकडा मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल बेजार झालेला असू शकतो, कारण बांधणाऱ्याने टाकी, बॅटरी आणि बिछाना सगळं मागे रचलेलं असतं. काट्याच्या पावतीचे थोडे पैसे वाचवू नका.

आता पाणी. 22 जुलै 2021 च्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद छतावर एवढा पाऊस पडला तर ते पाणी होतं जवळजवळ सहा हजार लिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट. एवढं पाणी एका दिवसात छतावरून वाहून जातं आणि आत येण्यासाठी त्याला सुईच्या टोकाएवढी फट पुरते.

फट पडते कशी, तेही बघण्यासारखं आहे. छतावर हवेसाठी झरोका असतो, एसी असतो, सोलर पॅनल असतं. प्रत्येकासाठी पत्रा कापलेला असतो आणि कड सिलंटने बंद केलेली असते. पहाटे आणि भर दुपारी पत्र्याच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. पाच मीटर लांबीची पोलादी पट्टी तेवढ्यात अडीच मिलिमीटर लांबते, अ‍ॅल्युमिनियमची साडेचार. दोन धातू शेजारी बसवले असतील तर मधला सिलंट रोज ओढला जातो आणि रोज ढिला पडतो, वर्षानुवर्षं. शेवटी तो कडक होऊन तडकतो. आत आलेलं पाणी तिथेच टपकत नाही. ते भिंतीच्या आतून फ्रेमच्या कडेने सरकतं आणि भलतीकडेच, बिछान्याखालच्या पेटीत किंवा मागच्या कोपऱ्यात, जाऊन मुरतं. त्यात राहणाऱ्यांच्या श्वासाचं पाणी मिळतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि घामावाटे पेलाभर पाणी हवेत सोडतो, आणि बंद गाडीत ते थंड पत्र्यावर जमतं.

म्हणून आत गेल्यावर समोरच्या सुंदर भिंतीकडे पाहू नका. कपाटं रिकामी करायला सांगा आणि आतल्या कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून बघा. प्लायवूड दबत असेल, पापुद्रे सुटले असतील, स्क्रूच्या डोक्याखाली तांबूस ओघळ असेल, तर ओल मुरलेली आहे. दार बंद करून दोन मिनिटं शांत बसा. कुबट वास आला, किंवा उलट अत्तराचा भपका आला, तर दोन्ही वेळा विचारपूस वाढवा.

पुराचं पाणी याहून वेगळं. त्याच जुलैत महाड शहर सावित्री आणि गांधारीच्या पाण्याखाली गेलं, तळिये गावावर दरड कोसळली. ज्या लोकांनी ते सोसलं त्यांच्यापुढे गाड्यांची गोष्ट लहान आहे. पण पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात पुन्हा विक्रीला येतात आणि आपल्याला त्या ओळखता आल्या पाहिजेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गाडी धुणारा बहुधा तिथवर पोचत नाही, त्यामुळे गुंडाळीच्या आतल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट, फ्यूजची पेटी, स्टेपनीची जागा बघा. एखादी वायर सोलून बघायची परवानगी मिळाली तर जरूर बघा. तांब्याच्या बारीक तारांच्या जुडग्यातून पाणी आपोआप वर चढतं, त्यामुळे पूर जिथवर आलाच नव्हता तिथलं तांबंही हिरवं पडतं. महिन्यांनंतर अशा गाडीत दिवे लागेनासे होतात आणि कारण सापडत नाही.

‘गाडी फारशी चाललेलीच नाही’ हे वाक्य ऐकून भुलू नका. उभी गाडी खराब होते. टायरच्या अंगावर डॉट या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नव्यासारखी असली तरी रबर वयाने कडक होतं, आणि घाटात भाराखाली फुटतं. उभ्या गाडीत बॅटरी मरते आणि कोकणात तर उंदीर वायरींवर बसतात. मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा दुरुस्तीच्या पावत्या जास्त खरं बोलतात.

गॅसबद्दल मोजकंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक नसेल तर ते पाडून घेतल्याशिवाय त्या गाडीत झोपू नका.

कागदांचा भाग रुक्ष वाटतो, पण फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. सतरा आसनी बस म्हणून नोंदलेल्या गाडीत कोणी बिछाने बसवले आणि आरसीवर तसा बदल केला नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग होतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. त्यानुसार बांधणी झाली का आणि आरसीवर काय लिहिलंय, हे दोन्ही विचारा. कर्ज असेल तर फॉर्म 35 ने बोजा उतरलेला हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात, आणि गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. रायगडात एमएच-06 ची नोंद पेणच्या कार्यालयाकडे असते. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे नावबदल लवकर होण्यात विकणाऱ्याचंही हित आहे, हे त्याला समजावून सांगा. चालवण्यासाठी मात्र एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल तर साधा एलएमव्ही परवाना पुरतो.

दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली तर माझं मत सरळ आहे. आतून साधी, थोडी जुनाट, पण चासी गंजविरहित, ब्रेक एकसारखे आणि छत कोरडं असलेली गाडी घ्या. बिछाना सुतार नवा करून देतो, कुजलेली फ्रेम कोणी नवी करून देत नाही. आणि गाडी बघायला उन्हाळ्यात जाऊ नका, तेव्हा प्रत्येक छत कोरडं असतं. गणपती झाले की भाद्रपदाच्या शेवटी जा. पावसाने तोवर चार महिने तिची तपासणी केलेली असते, आणि तिचा निकाल कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात वाचायला मिळतो.