रंग देणाऱ्याला शब्द कळतो का?

कोड एडिटरमध्ये आपल्या भाषेसाठी रंगांचे नियम कसे लिहायचे, ते आज एका ओळीवरून समजून घेऊ.

समजा, वेबपानावर आपण मोनॅको एडिटर बसवलाय. व्हीएस कोडच्या आत असतो, तोच. मुलांना शिकवायला एक छोटी मराठी प्रोग्रॅमिंग भाषा केलीय. एक मुलगी लिहिते : 'किंमत = दर * नग'. 'दर' निळा, 'नग' निळा. पण 'किंमत'चे तुकडे पडतात. 'क' निळा, वेलांटी आणि अनुस्वार बिनरंगी, 'मत' पुन्हा निळं. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. प्रोग्रॅम मात्र बरोबर चालतो!

असं का? कारण प्रोग्रॅम चालवणारा वेगळा आणि रंग देणारा वेगळा. मोनॅकोत हे काम मोनार्क करतो. आपण त्याला नियमांची यादी देतो. तो ओळीवर पुढे सरकत जातो, नियम वरून खाली लावून बघतो आणि पहिला जुळेल तो घेतो. अर्थाशी त्याला देणंघेणं नाही.

आपला नियम होता, 'एक किंवा जास्त अक्षरं'. आता गंमत बघा. युनिकोडच्या लेखी 'क' हे अक्षर. वेलांटी आणि अनुस्वार मात्र 'चिन्हं', त्यांचा वर्ग निराळा. 'दर', 'नग' यांत चिन्हच नाही, म्हणून चूक लपून राहिली.

उपाय सोपा आहे. नावांसाठी युनिकोडमध्ये दोन वर्ग आहेत : सुरुवातीसाठी 'आयडी स्टार्ट' आणि पुढच्या भागासाठी 'आयडी कंटिन्यू'. दुसऱ्यात ही चिन्हंही येतात. ते वापरा, आणि मोनार्कमधला 'युनिकोड' पर्याय चालू करायला विसरू नका.

आता राखीव शब्द. 'जर' असा थेट नियम वर ठेवला, तर पैठणीच्या हिशोबातल्या 'जरी'चाही 'जर' रंगतो. शब्दाची हद्द म्हणून 'बॅकस्लॅश बी' लावाल, तर जावास्क्रिप्टमध्ये त्याला देवनागरी अक्षर हे शब्दाचं अक्षरच वाटत नाही. 'जर'नंतर मोकळी जागा असली तरी हद्द सापडत नाही. म्हणून आधी अख्खं नाव पकडा, मग ते राखीव शब्दांच्या यादीत आहे का, ते बघा.

रंग म्हणजे निकाल नव्हे, हे आपल्याला ठाऊक आहे. नव्याने शिकणारा मात्र त्यालाच निकाल समजतो. तेव्हा नियम तपासताना 'दर'वर थांबू नका; 'किंमत' आणि 'जरी' लिहून बघा.