स्टुडिओ फ्लॅट घेताय? आधी खिडकी मोजा

मैत्रिणीच्या लेकीने आणि जावयाने लोअर परळमध्ये घर बघायचं ठरवलं, तेव्हा मलाही सोबत नेलं. पूर्वी गिरणी होती तिथे आता काचेचा टॉवर उभा आहे. खाली कॉफीची दुकानं, दोघांचीही ऑफिसं चालत जाण्याच्या अंतरावर. घर म्हणजे एकच खोली: कार्पेट एरिया २८० चौरस फूट, दाराजवळ ओटा, शेजारी बाथरूम, पलीकडच्या टोकाला पलंग आणि त्यामागे भिंतभर काच. ‘‘मावशी, खिडकी केवढी आहे बघ ना!’’ ती हरखून म्हणाली. मी खिडकी उघडायला सांगितली. त्या ८० चौरस फुटांच्या काचेपैकी फक्त दोन झडपा उघडत होत्या, प्रत्येकी दोन फूट बाय चार फूट. बाकी सगळी काच कायमची बंद.

या मुलीला लहानपणापासून दमा आहे. म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटला.

बंद खोलीतलं गणित

बाथरूम वगळलं तर या खोलीत साधारण ६२ हजार लिटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला अंदाजे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. खोली पूर्ण बंद असेल तर दोन माणसांच्या श्वासाने त्याचं प्रमाण दर तासाला, हवेच्या दहा लाख भागांमागे, जवळजवळ ३८० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशे ते साडेचारशे असतं. फटींतून थोडी हवा येत-जात राहते. तरीही पहाटेपर्यंत आकडा हजाराच्या बराच वर गेलेला असतो.

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये हाच हजाराचा आकडा घरातल्या चांगल्या हवेची मर्यादा म्हणून सुचवला होता. एवढ्या प्रमाणातला कार्बन डायऑक्साइड विषारी नसतो. तो इशारा असतो. तो साचतोय, म्हणजे त्याच्यासोबत बाष्प, धूर, वास आणि कुणी आजारी असेल तर त्याच्या श्वासातले जंतूही साचत आहेत.

‘‘पण एसी आहे ना,’’ जावई म्हणाला. अनेकांची इथेच फसगत होते. घरातला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा तो पुन्हा पुन्हा थंड करून फिरवतो.

ओटा आणि पलंग एकाच खोलीत

मोठ्या घरात स्वयंपाकघराचं दार लोटून घेता येतं. स्टुडिओमध्ये फोडणीचा धूर थेट उशीपर्यंत पोहोचतो. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, तर तेल तापल्यावर आणि पोळी करपल्यावर अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. दोन्ही दम्याच्या रुग्णांना त्रासदायक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अतिसूक्ष्म कणांची (पीएम २.५) चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. छोट्या बंद खोलीत एका तळणीच्या वेळी हा आकडा कितीतरी पटींनी ओलांडला जातो. इंडक्शनची शेगडी घेतली तर ज्योतीतून येणारा वायू टळतो, फोडणीचा धूर मात्र टळत नाही.

चिमणी लावताना तिचा पाइप बाहेर जातो का, हे विचारलंच पाहिजे. पाइप नसलेली चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते. तेलकटपणा कमी होतो, पण बाष्प तिथेच राहतं. त्यात मुंबईचा पावसाळा. वॉशिंग मशीनमधून काढलेले कपडे खोलीत वाळत घातले की दीड-दोन लिटर पाणी हवेत मिसळतं. मग कपाटामागे, गादीखाली ओल धरते, बुरशी येते, धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात. हेही दम्याला निमंत्रणच.

हा धडा जुनाच आहे

मुंबईने हे एकदा भोगलं आहे. १८९६ मध्ये प्लेग आला आणि कोंदट, अंधाऱ्या खोल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे ट्रस्टने इमारतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा, की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं हवं. म्हणजे खालच्या खोलीलाही आकाश दिसेल.

हे विसरलं की काय होतं, ते गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासातून दिसलं आहे. दाटीने उभ्या इमारतींमध्ये, जिथे उजेड आणि वारा कमी पोहोचतो अशा खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण अधिक आढळलं. क्षयाचे जंतू हवेत तासन् तास तरंगू शकतात; वारा त्यांना विरळ करतो आणि सूर्यप्रकाश मारतो. त्या वसाहतींतली अनेक घरं २२५ चौरस फुटांची आहेत. आमचा दीड कोटींचा स्टुडिओ त्यांच्यापेक्षा जेमतेम ५५ चौरस फुटांनी मोठा. पत्ता बदलला म्हणून हवेचे नियम बदलत नाहीत.

घर बघताना काय तपासाल?

उघडणारा भाग मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट हवामानात खिडक्यांचं क्षेत्रफळ, दारं सोडून, जमिनीच्या एक षष्ठांश हवं. खिडकीचा काही भाग बंद असेल तर फक्त उघडणारा भाग धरायचा. आमच्या खोलीला साधारण ४१ चौरस फूट हवे होते, मिळत होते १६. महापालिकांचे स्वतःचे नियम असतात, पण घर पाहताना मोजपट्टी म्हणून हा आकडा उपयोगी आहे. सरकत्या खिडकीची सहसा निम्मीच जागा उघडते, हेही ध्यानात ठेवा.

खोली किती खोल आहे ते पाहा. एकाच बाजूला खिडकी असेल तर ताजी हवा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपर्यंतच नीट पोहोचते; नऊ फुटी छताला साधारण १८ ते २२ फूट. ओटा त्यापलीकडे दाराजवळ असेल, तर धूर तिथेच घुटमळतो. चाळीतल्या खोलीला निदान एकीकडे गॅलरी आणि दुसरीकडे खिडकी असे. बंद कॉरिडॉरमध्ये उघडणारं दार ते काम करत नाही.

खोलीच्या मध्यभागी उभं राहून आकाश दिसतं का पाहा. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा सुरू करून त्यावर टिश्यू पेपर धरा. तो चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. शक्य असल्यास पावसाळ्यात एकदा जाऊन भिंतींचे कोपरे बघा.

आधीच अशा घरात राहत असाल तर

झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर पंधरा मिनिटं खिडक्या सताड उघडा. एसी लावला तरी एक झडप बोटभर उघडी ठेवा. चिमणी सुरू असताना खिडकी किलकिली असू द्या, नाहीतर ती हवा ओढणार कुठून? स्वयंपाक झाल्यावरही ती दहा मिनिटं चालू ठेवा. कपडे बाथरूममध्ये पंखा लावून वाळवा. बाहेर प्रदूषण जास्त असेल त्या दिवसांत रहदारी कमी असताना हवा घ्या. एअर प्युरिफायर कण गाळतो, पण श्वासाने जड झालेली हवा बदलत नाही. धाप किंवा रात्रीचा खोकला वाढला तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

त्या दोघांनी तो स्टुडिओ सोडला. नंतर पाहिलेल्या परळच्या जुन्या इमारतीतली खोली आणखी लहान निघाली, लिफ्टही कुरकुरणारी. पण कोपऱ्यातली असल्याने दोन बाजूंना खिडक्या होत्या आणि त्या पूर्ण उघडत होत्या. निर्णय अजून व्हायचा आहे. आता टेप मात्र ती स्वतःच घेऊन जाते.