कोरी दिसणारी तबकडी

ज्या कुटुंबांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपले हिशेब, प्राप्तिकराची विवरणपत्रे, वैद्यकीय अहवाल आणि मुलाबाळांची छायाचित्रे घरच्या संगणकावरून पुनर्लेखनक्षम तबकड्यांवर उतरवून कपाटात जपून ठेवली, त्यांच्यावर आज त्या तबकड्या कोणास देऊन टाकण्याचा अथवा रद्दीत काढण्याचा प्रसंग येतो, तेव्हा बहुतेक जण संगणकाला पुसण्याचा हुकूम देतात, मिनिटा-दोन मिनिटांत तबकडी रिकामी असल्याची ग्वाही पडद्यावर उमटते आणि ते निर्धास्त होतात. ही निर्धास्तता बहुतांशी निराधार आहे. आणि ती का निराधार आहे हे जाणण्यासाठी तबकडीच्या अंतरंगात लेखन कोणत्या रूपाने वास करते, हे आधी पाहिले पाहिजे.

१९९७ च्या सुमारास प्रचारात आलेल्या सीडी-आरडब्ल्यू तबकडीत, पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यामागे, चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम या चार मूलद्रव्यांच्या मिश्रधातूचा शंभर नॅनोमीटरहूनही पातळ असा लेप असतो. हा मिश्रधातू दोन अवस्थांत सुखाने राहू शकतो: एक स्फटिक अवस्था, जीत अणू शिस्तीने रचलेले असून प्रकाशाचे परावर्तन अधिक होते, दुसरी अस्फटिक, जीत अणू अस्ताव्यस्त स्थितीतच गोठलेले असून परावर्तन कमी होते. कोरी तबकडी सर्वत्र स्फटिक असते. लेखनाच्या वेळी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर तीव्र स्पंदांनी एखाद्या सूक्ष्म बिंदूला सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवतो, आणि स्पंद थांबताच तो बिंदू इतक्या त्वरेने निवतो की अणूंना आपापल्या जागी परतण्यास अवकाशच मिळत नाही. पुसताना तोच लेसर मध्यम शक्तीने, धातू वितळू न देता, त्याला सुमारे २०० अंशांच्या वर काही क्षण राखतो. तेवढ्या अवधीत ठिपक्याच्या कडेचे स्फटिक आत आत वाढत जातात आणि अव्यवस्थेचा तो ठिपका पुन्हा व्यवस्थेत विलीन होतो. पुसणे ही येथे खरोखरीच एक भौतिक घटना आहे, आणि ती जेथे घडली नाही तेथे लेखन शाबूत आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

पदार्थाच्या या द्विविध स्वभावाचा उपयोग स्मृती साठवण्यासाठी करता येईल हे ज्याने जगाला पटवून दिले, तो स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की हा अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावचा यंत्रकामगार होता. विद्यापीठाची पायरी न चढता केवळ स्वाध्यायाने त्याने पदार्थविज्ञान आत्मसात केले आणि १९६८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या मान्यवर नियतकालिकात अव्यवस्थित पदार्थांतील विद्युतीय पालटाविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. ज्या काळी स्फटिकांनाच सारी प्रतिष्ठा होती, त्या काळी अस्फटिकाची बाजू घेऊन उभे राहण्याचे त्याचे धैर्य मला त्याच्या शोधाइतकेच वंदनीय वाटते. विजेने होणारा हा पालट लेसरनेही घडवता येतो हे पुढे लवकरच सिद्ध झाले, आणि आपल्या कपाटातील तबकड्या त्याच परंपरेच्या वारस आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुसण्याचे काम करणाऱ्या प्रणालींत सामान्यतः दोन पर्याय असतात, एक ‘क्विक’ आणि दुसरा ‘फुल’; ‘सीडीरेकॉर्ड’ या जुन्या प्रणालीत त्यांनाच ‘फास्ट’ आणि ‘ऑल’ म्हटले आहे. ‘क्विक’ पर्यायात लेसर केवळ तबकडीच्या आतल्या कडेजवळचा भाग, म्हणजे कोणती नोंद कोठे सुरू होते हे सांगणारी अनुक्रमणिका आणि तिच्या लगतचा मजकूर, पुसतो. बाहेर पसरलेल्या सर्पिल मार्गाला, जो चौऱ्याहत्तर मिनिटांच्या तबकडीत पाच किलोमीटरहून अधिक लांब असतो, तो स्पर्शही करीत नाही. तलाठ्याच्या दप्तरातील अनुक्रमणिकेचे पान फाडले म्हणून आतले फेरफार आणि खातेउतारे रद्दबातल होत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. सामान्य यंत्र अनुक्रमणिकेवाचून पुढे वाचावयास नकार देते खरे, परंतु जाणकार मनुष्य यंत्राकडून नवी अनुक्रमणिका लिहवून जुना मजकूर हस्तगत करू शकतो. संपूर्ण पुसणे हवे असेल तर लेसरला सारा सर्पिल मार्ग आक्रमावा लागतो, आणि चौपट वेगाने चालणाऱ्या यंत्राला ऐंशी मिनिटांच्या तबकडीसाठी त्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. दोन्ही पर्यायांनंतर पडद्यावर ‘रिकामी’ हाच शब्द उमटत असल्यामुळे पडद्यावर नव्हे, घड्याळावर विश्वास ठेवावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एखादीच फाइल ओढून टाकली असता तर नुसते तिचे नाव यादीतून जाते.

डीव्हीडीच्या बाबतीत थोडा तपशील वेगळा आहे. डीव्हीडी-आरडब्ल्यू वरीलप्रमाणेच दोन रीतींनी पुसता येते, मात्र ‘क्विक’ पुसलेल्या तबकडीवर नंतर थोडेथोडे लेखन करता येत नाही, ती एका दमात भरावी लागते. हेही संपूर्ण पुसण्याचे एक कारण आहे. डीव्हीडी+आरडब्ल्यूला पुसण्याचा हुकूमच ठाऊक नाही. तेथे आरंभापासून अखेरपर्यंत शून्ये लिहवून जुन्या लेखनावर नवे लेखन चढवणे हीच तजवीज. शून्ये लिहिली तरी ती संकेतबद्ध होऊनच उतरत असल्यामुळे तबकडीवर ठिपके राहतातच, पण ते जुने ठिपके नव्हेत, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

कित्येकदा यंत्र तबकडी पुसण्यास साफ नकार देते. जलद लेखनासाठी बनवलेल्या ‘हाय स्पीड’ आणि ‘अल्ट्रा स्पीड’ तबकड्या जुन्या मंद यंत्रांना हाताळता येत नाहीत. कारण स्फटिक किती वेगाने वाढावेत हे मिश्रधातूच्या घडणीतच ठरलेले असते. अशा वेळी दुसरे यंत्र शोधावे. तबकडीवर खोल ओरखडे असतील तर किरण तेथे नीट केंद्रित होत नाही आणि त्याखालचे ठिपके तसेच राहतात. शिवाय साधारण हजार वेळा लेखन-पुसणे झाल्यावर मिश्रधातूही थकतो. सेंद्रिय रंगद्रव्यावर लिहिलेली सीडी-आर तर मुळातच पुसता येत नाही. या सर्वांना कातरीवाचून इलाज नाही, आणि डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून कापडात गुंडाळून त्यांचे बारीक तुकडे करावेत. सीडीचा लेप नाव लिहिण्याच्या बाजूला, केवळ पातळ रोगणाखाली असल्याने ती बाजू खरवडली तरी पुष्कळ काम होते. डीव्हीडीचा लेप मात्र दोन पत्र्यांच्या मधोमध सुरक्षित बसलेला असतो, म्हणून तिला कोणत्याही बाजूने खरवडून भागत नाही.