आपल्या दिवसाची यादी आपल्याच हातात

आपल्या आजोबा-पणजोबांना दिवसभर काम होते, पण दिवस मात्र त्यांचा नव्हता. गावकीचा सांगावा आला की हातातला घास टाकून उठावे लागे. दवंडी द्या, अंमलदाराच्या घोड्याला चारा घाला, सरपण फोडा, मयताचा निरोप परगावी पोचवा, मेलेले ढोर ओढा. रात्र म्हणायची नाही, पाऊस म्हणायचा नाही. मराठवाड्यात निजामी राजवटीतली वेठही त्याच जातीची. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे ठरवणारा दुसराच कोणी असे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. वतनदारच नव्हे तर त्याच्या घरची माणसेही कोणत्याही वेळी राबवली जातात, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणि हंगामी कारखान्यांतले ६० वरून ५० वर आले. या साऱ्यांत एकच गोष्ट होती : कष्टकरी माणसाला स्वतःचा वेळ मिळाला पाहिजे.

तो वेळ आपल्याला पुरता मिळाला आहे असे नाही. शेतात राबणाऱ्या मजुराला घड्याळाचा कायदा अजून फारसा ठाऊक नाही. पण जो काही मिळाला आहे, त्याचा हिशेब आपण ठेवतो का? मजुरीचा पैसा मोजून घेतो, किराण्याची यादी करतो. मग दिवसाची यादी का करू नये?

हळदीचा हंगाम आणि परीक्षेचा महिना

कुरुंदा आणि वसमतचा भाग हळदीचा. फेब्रुवारी-मार्च आला की पाला कापणे, खोदणे, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे, शिजवणे, वाळवणे, ढोलात घालून पॉलिश करणे अशी एकामागून एक कामे लागतात. हाताला काम असण्याचे हेच दिवस. नेमक्या याच दिवसांत बारावीची आणि दहावीची परीक्षा येते. घरात परीक्षेला बसलेली मुलगी असली तर काय होते? आई पहाटे उठून हळदीला जाते आणि भाकरी, पाणी, धाकटे भावंड हे सारे मुलीवर येते. कोणी तिला शाळेतून काढलेले नसते. अभ्यास राहतो तो फक्त ‘आधी एवढे काम कर’ या चार शब्दांमुळे.

यादी इथे उपयोगी पडते. कागदावर लिहिले की दिसते, मुलीच्या वाट्याला सात कामे आली आणि दहावीत नसलेल्या थोरल्या भावाच्या वाट्याला एकही नाही. तोंडी बोलण्यात जे झाकले जाते, ते कागदावर उघडे पडते. पाणी भावाने भरावे, भांडी बापाने घासावीत, मुलीने बसून गणिते सोडवावीत. यात कमीपणा कसला? हळदीचा हंगाम दरवर्षी येतो. दहावीचे वर्ष हातचे गेले तर पुष्कळदा त्याबरोबर मुलीचे शिक्षणच थांबते.

यादी करावी कशी?

रात्रीची जेवणे झाली की घरातल्या शाळकरी मुलाने जुन्या वहीचे कोरे पान घ्यावे. मोठ्यांनी सांगावे, मुलाने लिहावे. आईला लिहिता येत नसेल तरी तिची यादी आधी लिहावी, कारण घरात सर्वांत लांब यादी तिचीच असते.

आठवतील ती सारी कामे उतरून घ्यावीत आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. याला शेवटची तारीख आहे का? हे राहिले तर होणारे नुकसान पुन्हा भरून निघेल का? आणि हे दुसऱ्या कोणाला करता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांवरून कामाचा नंबर ठरतो, तिसऱ्यावरून माणूस ठरतो. अगदी वर मात्र तीनच कामे ठेवावीत. वीस कामे वर ठेवली तर वर असे काहीच राहत नाही.

झालेल्या कामावर रेघ मारावी. राहिलेले काम उद्याच्या पानावर घ्यावे. एकच काम तीन-चार दिवस पुढे सरकत राहिले तर समजावे की ते फार मोठे आहे. त्याचे तुकडे करावेत. नाही तर ते गरजेचे नाही. सरळ खोडून टाकावे.

जातीच्या दाखल्याचेच पाहा. ‘दाखला काढणे’ असे लिहिले तर ते काम वर्षभर तसेच राहते. त्याऐवजी लिहावे : सोमवारी वडिलांच्या शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा मागणे, बुधवारी आजोबांची जुनी नोंद शोधणे, शुक्रवारी अर्ज देणे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्या भागात तो निजामकाळचा, उर्दूतलाही असू शकतो. तो शोधायला आणि वाचून घ्यायला वेळ लागतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली मिळाल्या, पण कागद वेळेवर नसला तर त्या कागदावरच राहतात. मुलगा विज्ञान शाखेत असेल तर बारावीतच कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज करावा. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करून मजुरीचे दिवसही बुडतात आणि कामही होत नाही.

राहिलेले काम कसे पुरे करावे

बाबासाहेबांच्या आयुष्यात याचा मोठा धडा आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेतली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा जमवला आणि १९२० साली, मुदत संपण्यापूर्वी, पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. काम पुढे ढकलावे लागले, पण त्यांनी ते सोडले नाही. ढकलताना त्याच्यापुढे तारीख लिहिली, हे महत्त्वाचे.

संविधान सभेत मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, असे त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले. प्रकृती साथ देत नसताना एवढा डोंगर उपसला तो कलमवार, एकेक दुरुस्ती हातावेगळी करत.

अप्रमाद म्हणजे हेच

तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा. धम्मपदात या विषयाचा स्वतंत्र वग्ग आहे. अप्रमाद म्हणजे रात्रंदिवस राबणे नव्हे. म्हणून यादीत विश्रांतीही लिहावी, आईची दुपारची अर्धा तास झोपही लिहावी. वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभर राबलेली माणसे रोज थोडी थोडी पाने ऐकतात आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत एवढा मोठा ग्रंथ पुरा होतो. ठरलेल्या वेळेची ताकद ही अशी असते. तीच ताकद घरातल्या अभ्यासाला, कागदपत्रांना, बचत गटाच्या हप्त्याला लावता येईल.

एकेकाळी आपल्या कामांची यादी गावकी ठरवत होती. आता वही आपली आहे, पेन्सिल आपली आहे. आज रात्री जेवणानंतर उद्याची पहिली तीन कामे लिहावीत, आणि त्या तिनांत एक काम मुलांच्या शिक्षणाचे असावे.

जयभीम!