सात विरुद्ध दोन

टेबलावरची गणितं : लेखांक ६

गल्लीतल्या लपंडावात धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. तो पहिला सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांचा खेळ अडत नाही, धाकट्याची रडारड थांबते. फक्त तो खेळत नसतो, आणि हे सगळ्यांत आधी त्यालाच कळतं.

पुण्या-मुंबईच्या पूल पार्लरमध्ये एक तयार आणि एक नवशिका एका टेबलावर आले की बहुधा हेच घडतं. तयार खेळाडू दोन-चार सोपे बॉल मुद्दाम सोडतो, नवशिक्याला वाटू देतो की डाव रंगला, आणि शेवटी काळा बॉल घालून मोकळा होतो. या दयेने दोघांचाही खेळ बिघडतो. अमेरिकेतल्या पूल हॉलांमध्ये यावर जो उपाय रुळला तो म्हणजे हँडिकॅप. त्यात मुद्दाम चुकायला बंदी. दोघांनी जीव तोडून खेळायचं, आणि तरीही निकाल आधी सांगता येऊ नये, अशी सूट दुबळ्याला सुरुवातीलाच द्यायची. ती किती आणि कुठे द्यायची, हा आजचा विषय.

सर्वांत सरळ पद्धत म्हणजे डाव देणं. जुन्या पूल हॉलमध्ये टेबलाच्या वर तार ताणलेली असे आणि तिच्यात ओवलेले मणी सरकवून गुण मोजत. आधी सात डाव जिंकेल तो विजयी असं ठरलं, तर दुबळ्याचे दोन-तीन मणी सामना सुरू होण्यापूर्वीच सरकवून ठेवायचे. टेबलावरचा खेळ जसाच्या तसा राहतो, बदलते ती फक्त मोजणी. मला ही पद्धत इतर सगळ्यांपेक्षा सरस वाटते. तिचा हिशेब कागदावर मांडता येतो, हे त्याचं एक कारण.

समजा, दोघांत तयार खेळाडू तीनपैकी दोन डाव जिंकतो. सूट न देता ‘आधी पाच’ असा सामना लावला, तर तो जिंकण्याची शक्यता ६७ टक्के नसते, ८५ टक्क्यांच्या वर जाते. ‘आधी नऊ’ लावला तर ९२ टक्के. सामना जितका लांब तितकं नशीब मागे पडतं आणि कौशल्य वर येतं. म्हणून ‘चल, जरा मोठा सामना खेळू’ असं तयार खेळाडू म्हणाला, तर नवशिक्याने सावध व्हावं. आता त्याच जोडीत तयार खेळाडूला पाच आणि दुबळ्याला तीनच डाव जिंकायचे आहेत असं ठरवा. तयार खेळाडूची शक्यता ५७ टक्क्यांवर येते. सहा विरुद्ध तीन केलं तर ४७. इथे एक गंमत आहे. दोनास एक हे त्यांचं खरं प्रमाण, आणि सहास तीन हेही तेच. पण त्याच प्रमाणात डाव वाटले की पारडं किंचित दुबळ्याकडे झुकतं. मोजकेच डाव हवे असलेल्याला एखाद्या भाग्याच्या डावाचा फायदा मोठा होतो. चार विरुद्ध दोनमध्ये हा झुकाव आणखी थोडा वाढतो.

दुसरी पद्धत बॉल देण्याची. ती नाइन-बॉलमध्ये जास्त चालते. या खेळात टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी लागावं लागतं, आणि नियमात राहून नऊ नंबरचा बॉल घालेल तो डाव जिंकतो. ‘आठ दिला’ म्हणजे दुबळ्याने आठ घातला तरी डाव त्याचा. तयार खेळाडूला मात्र नऊच घालावा लागतो. ऐकायला ही सूट भरघोस वाटते. पण आठपर्यंत पोचायचं तर आधीचे सात बॉल टेबलावरून जायला हवेत. ज्याचा हात दोन बॉलांनंतर चुकतो त्याच्या वाट्याला आठ येणार कधी? त्याला सात द्या, सहा द्या, नाहीतर सरळ डाव द्या. आठ दिल्याचा खरा उपयोग मधल्या ताकदीच्या खेळाडूला होतो, जो टेबल जवळजवळ साफ करतो आणि शेवटच्या बॉलवर अडखळतो. घासाघीस करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच ते आठ उदारपणे देऊ करतात.

एट-बॉलमध्ये आपापले बॉल संपवून शेवटी काळा घालायचा असतो. तिथे काही जण दुबळ्याचे दोन बॉल सुरुवातीलाच उचलून ठेवतात. यासारखी फसवी सूट नाही. त्याचे बॉल कमी झाले म्हणजे तयार खेळाडूच्या वाटेतले अडथळेही कमी झाले. शिवाय स्वतःचे बॉल कमी असले की सोपा शॉट सापडण्याची शक्यताही घटते. कायम ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा फटका, दुबळ्याला देण्याचंही तेच. ब्रेकचा फायदा त्याला, ज्याला पुढे टेबल साफ करता येतं. नवशिक्याने जोरात ब्रेक मारला आणि काहीच पडलं नाही, तर त्याने समोरच्यासाठी बॉल छान पसरून ठेवले एवढंच.

वन-पॉकेटमध्ये मात्र मोजणी सुबक बसते. पंधरा बॉल, प्रत्येकाला कोपऱ्यातलं एकच ठरलेलं पॉकेट, आणि आधी आठ घालेल तो जिंकतो. सूट देताना नऊ विरुद्ध सात किंवा दहा विरुद्ध सहा करतात. बेरीज सोळाच राहते, म्हणून पंधरा बॉलांत दोघेही लक्ष्य गाठूच शकत नाहीत आणि डाव बरोबरीत अडकत नाही.

स्नूकरमध्ये फ्रेमच गुणांची, तेव्हा वीस-तीस गुण आधी देऊन टाकले की झालं. इंग्लंडात जो डेव्हिसने १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं. बरोबरीच्या अटींवर त्याला हरवणारा एकच निघाला, त्याचा धाकटा भाऊ फ्रेड. अशा माणसाचा सामना पाहायला तिकीट कोण काढणार? ‘डेली मेल’ आणि ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्रांच्या स्पर्धांमध्ये हँडिकॅप आला त्यामागे न्यायबुद्धीइतकीच तिकीट खिडकीही असणार, असं मला वाटतं.

आता अवघड प्रश्न. कोण किती तयार हे ठरवणार कोण? पैजेच्या टेबलावर ते घासाघिशीने ठरतं, आणि ज्याला समोरच्याबद्दल जास्त माहिती त्याचं पारडं जड. १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका स्पर्धेत सेझार मोरालेस नावाचा एक फिलिपिनो उतरला आणि जिंकून गेला. तो होता एफ्रेन रेयेस, आजवरच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. फिलिपिन्सच्या रेयेसचं नाव तोवर तिथवर पोचलं होतं, चेहरा पोचला नव्हता. नाव बदलून आलेल्या अशा माणसाला ‘किती डाव हवेत’ असं विचारण्यात काय अर्थ?

लीगमध्ये असं चालत नाही. अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन या मिझुरीतल्या संस्थेच्या लीगमध्ये दर आठवड्याला हौशी माणसं खेळतात, आणि प्रत्येकाला एक पातळी असते. एट-बॉलमध्ये ती दोन ते सात. सातचा खेळाडू दोनच्या समोर आला, तर त्याला सात डाव जिंकावे लागतात आणि दोनवाल्याला फक्त दोन. हा सामना खरोखर बरोबरीचा आहे का, हे मी कागदावर करून पाहिलं. सातवाला पाचपैकी चार डाव जिंकणारा असेल तर त्याची शक्यता ५० टक्क्यांच्या अगदी जवळ बसते. सहापैकी पाच जिंकणारा असेल तर मात्र ६० टक्के. म्हणजे कोष्टक बरं आहे, पण ते पातळीच्या अचूकपणावर उभं आहे. नाइन-बॉलमध्ये याच संस्थेने डावांऐवजी गुण घेतले. प्रत्येक बॉलला एक, नऊला दोन. सर्वांत खालच्या पातळीला १४ गुण पुरतात, सर्वांत वरच्याला ७५ लागतात. नवशिक्यासाठी हे मला जास्त न्याय्य वाटतं, कारण हरलेल्या डावातले तीन बॉलही त्याच्या नावावर राहतात.

एट-बॉलच्या संघांसाठी आणखी एक नियम आहे. खेळणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या पुढे जाता कामा नये. दोन सात घेतले की उरलेल्या तिघांसाठी नऊच उरतात, म्हणजे सरासरी तीन. तीन सात घेतले तर २१ तिथेच संपले आणि संघ पुरा होत नाही. त्यामुळे प्रत्येक कप्तानाला नवशिके शोधून आणावे लागतात. हौशी लीग वर्षानुवर्षं टिकण्यात या एका बेरजेचा वाटा मोठा आहे.

आणि अर्थात चोरवाटाही असतात. पातळी कमी राहावी म्हणून जिंकतानाच मुद्दाम दोन-तीन शॉट चुकवायचे. म्हणून गुणलेखक प्रत्येक पाळी मोजतो आणि बचावासाठी मारलेले शॉट वेगळे नोंदवतो. मुद्दाम केलेली चूक चाणाक्ष गुणलेखकाच्या त्या रकान्यात जाऊन बसते.

फार्गोरेट ही अलीकडची पद्धत वेगळ्या रस्त्याने जाते. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक माइक पेज यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे. ती शॉट मोजत नाही. कोण कोणाशी किती डाव जिंकलं, एवढंच पाहते आणि सगळ्या खेळाडूंचे आकडे एकमेकांशी ताडून एकत्र काढते. शंभर गुणांचा फरक म्हणजे दोनास एक, दोनशेचा म्हणजे चारास एक, तीनशेचा म्हणजे आठास एक. जगातले अव्वल खेळाडू आठशेच्या वर असतात. वर हिशेबासाठी घेतलेली आपली जोडी बरोबर शंभर गुणांच्या अंतरावर आहे आणि सात विरुद्ध दोनमधली पाचपैकी चार डावांची जोडी दोनशेच्या. दोनशे डावांची नोंद झाल्याशिवाय ही पद्धत कुणाचाही आकडा पक्का धरत नाही, हे मला तिच्यातलं सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं.

हँडिकॅपवर जुना आक्षेप आहे की सुधारणाऱ्याला तो शिक्षा करतो. मेहनत करून पातळी वाढवली की लगेच जास्त डाव जिंकावे लागतात. आक्षेप खोटा नाही. पण तो लीगच्या चषकापुरता खरा. ज्याला निव्वळ खेळ सुधारायचा आहे त्याच्यासाठी सूट हळूहळू कमी होत जाणं हीच मोजपट्टी. तयार खेळाडूचाही यात फायदा असतो. पाच विरुद्ध तीनमध्ये त्याने सुरुवातीचे दोन डाव ढिलेपणाने घालवले, तर तिसऱ्याला तो थेट पराभवाच्या काठावर. हात गरम होईपर्यंत वाट पाहण्याची चैन त्याला परवडत नाही.

तुमच्या मित्राशी हे करून पाहायचं असेल तर आधी सूट न देता वीसेक डाव खेळा आणि वहीत लिहून ठेवा. तो दुप्पट जिंकत असेल तर पाच विरुद्ध तीन लावा, ब्रेक आलटून पालटून घ्या, बॉल उचलून ठेवायच्या फंदात पडू नका. एकच जण सलग चार सामने जिंकला की एक डाव इकडचा तिकडे करा. पुढच्या आठवड्यात ब्रेकबद्दल.